परक्या यकृताशी समेट

यकृत प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या मोबाइलवर रोजचे दोन गजर ठरलेले असतात. बहुधा एक सकाळी, एक रात्री, बरोबर बारा तासांच्या अंतराने. लग्नघरात असो, एसटीच्या प्रवासात असो की रुग्णाच्या स्वतःच्या दुकानात ऐन गर्दीची वेळ असो, ती गोळी पोटात गेलीच पाहिजे. तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी न घेता आधी रक्त द्यायचे आणि मग गोळी घ्यायची. रक्तात औषध कमी सापडले तर शरीर नवे यकृत नाकारण्याची भीती. जास्त सापडले तर हात थरथरतात, रक्तदाब वाढतो, साखर वाढते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. हा हिशेब शस्त्रक्रियेपासून सुरू होतो आणि आजच्या रिवाजानुसार जन्मभर चालतो.

या गोळीचे नाव बहुतेक वेळा टॅक्रोलिमस असते. आपल्या रोगप्रतिकारक यंत्रणेतील टी पेशींना ती दाबून ठेवते. परकी पेशी दिसली की हल्ला करायचा, हे टी पेशींचे काम. नवे यकृत त्यांच्या दृष्टीने परकेच. त्यामुळे त्यांना गप्प बसवल्याशिवाय ते टिकत नाही. पण टी पेशींना सरसकट गप्प बसवले की त्या जंतूंबाबत आणि कर्करोगाच्या पेशींबाबतही गप्प बसतात. मूत्रपिंडांचे नुकसान तर याहून वेगळे, ते औषधाच्या थेट परिणामाने होते. अमेरिकेतील प्रत्यारोपणांच्या मोठ्या नोंदींचा २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की यकृत प्रत्यारोपणानंतर पाच वर्षांत सुमारे १८ टक्के रुग्णांची मूत्रपिंडे गंभीर स्वरूपात निकामी होऊ लागली होती. त्याला एकटे औषध जबाबदार नाही, आधीचे आजारपणही असते. तरीही यकृत वाचले आणि मूत्रपिंड गेले, अशी वेळ येऊ नये म्हणून डॉक्टर मात्रा शक्य तितकी खाली आणत असतात.

मग प्रश्न असा, की गोळी कधीच बंद करता येणार नाही का? हृदय, फुप्फुस किंवा मूत्रपिंडाबाबत हा प्रश्न आजही बराचसा स्वप्नरंजनात जमा होतो. यकृताबाबत तो तसा नाही. मोजक्या का होईना, पण काही माणसांच्या शरीरात दुसऱ्याचे यकृत कोणत्याही औषधाविना वर्षानुवर्षे सुखाने काम करते आहे. वैद्यकशास्त्रात या स्थितीला सहिष्णुता म्हणतात. ती कुणाला लाभेल हे आधी ओळखता येईल का आणि ज्यांना लाभत नाही त्यांच्यात ती पेशी टोचून निर्माण करता येईल का, यावर गेली काही वर्षे जोरात काम चालू आहे.

डुकराचे यकृत आणि केंब्रिजचा सर्जन

माणसात पहिले यकृत प्रत्यारोपण थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हर येथे केले. रुग्ण तीन वर्षांचा मुलगा होता. तो शस्त्रक्रियेच्या टेबलावरच दगावला. १९६७ मध्ये त्यांना पहिले यश मिळाले. तरी पुढची दहा-बारा वर्षे हे काम फार थोड्या ठिकाणी आणि फार थोड्या यशावर रेटले गेले. चित्र पालटले ते औषधांमुळे. सायक्लोस्पोरिन नॉर्वेच्या पठारावरील मातीत सापडलेल्या एका बुरशीपासून मिळाले आणि टॅक्रोलिमस जपानमधील त्सुकुबा परिसराच्या मातीतल्या जिवाणूपासून. आज जगभरातील हजारो यकृते या दोन मूठभर मातीच्या आधारावर टिकून आहेत.

पण त्याआधीच, १९६९ मध्ये, केंब्रिजचे सर्जन रॉय काल्न यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली होती. एका डुकराचे यकृत दुसऱ्या डुकरात बसवले, तर कोणतेही औषध न देताही अनेक डुकरे ते स्वीकारत होती. मूत्रपिंड किंवा त्वचा बसवली तर मात्र नेहमीसारखी नाकारत. याहून गंमत म्हणजे, ज्या दात्याचे यकृत आधी स्वीकारले गेले आहे, त्याच दात्याची त्वचा किंवा मूत्रपिंड नंतर बसवले, तर तेही जास्त काळ टिकत असे. यकृत नुसते स्वतः टिकत नव्हते, ते आपल्या सोबत्यांसाठी रदबदली करत होते. माणसातही, एकाच दात्याचे यकृत आणि मूत्रपिंड एकत्र बसवले तर यकृत मूत्रपिंडाला काही अंशी संरक्षण देते, हे नंतर दिसून आले. यकृत बसवताना दाता आणि रुग्ण यांचे ऊतींचे गट जुळवण्याचा खटाटोप सहसा करावा लागत नाही. रक्तगट जुळणे आणि यकृताचा आकार पुरेसा असणे यांवर बहुतेक वेळा भागते, तेही याच स्वभावामुळे.

यकृतालाच हा स्वभाव का लाभला, याचे उत्तर आपल्या जेवणात आहे. पोहे असोत, मासे असोत की बाहेरची पाणीपुरी, आतड्यात शोषलेले बहुतेक सारे काही रक्तासोबत आधी यकृतात येते. यकृतात दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त येते आणि त्यातले सुमारे तीन चतुर्थांश आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून येते. त्यात अन्नातली परकी प्रथिने असतात, आतड्यातल्या जिवाणूंचे तुकडे असतात. या प्रत्येकाविरुद्ध लढाई पुकारायची ठरवले, तर यकृत दिवसाकाठी दोनदा सुजेल. म्हणून तिथल्या पेशी प्रतिकारक यंत्रणेला शांत ठेवण्यात तरबेज झाल्या आहेत. रक्ताच्या बारीक वाटांच्या कडेला असलेल्या पेशी परकी प्रथिने टी पेशींना दाखवतात, पण अशा रीतीने, की टी पेशी चवताळण्याऐवजी मवाळ होतात. काही टी पेशी तर यकृतात येऊन मरून जातात.

या मवाळपणाची किंमतही आपण मोजतो. हिपॅटायटिस बी आणि सी चे विषाणू यकृतात वर्षानुवर्षे ठाण मांडू शकतात. हिवतापाचा परजीवी डास चावल्यावर पहिला मुक्काम यकृतातच करतो आणि तिथे निर्धास्तपणे वाढतो. जो शेजारी सगळ्यांशी जुळवून घेतो, त्याच्या ओसरीवर नको ते पाहुणेही येऊन बसतात.

ज्यांनी सांगून न ऐकता गोळ्या सोडल्या

माणसात औषधाविना यकृत टिकू शकते, हे कुणी ठरवून शोधले नाही. ते रुग्णांनी दाखवले आणि तेही डॉक्टरांचे न ऐकून. काहींनी दुष्परिणामांना कंटाळून गोळ्या सोडल्या, काहींच्या बाबतीत गंभीर संसर्गामुळे वा कर्करोगामुळे डॉक्टरांनाच त्या बंद कराव्या लागल्या. स्टार्झल यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या फार जुन्या रुग्णांना पिट्सबर्गला बोलावून तपासले. गोळ्या सोडूनही ठणठणीत असलेले काहीजण त्यांत होते. त्यांच्या त्वचेत आणि लसीकाग्रंथींत स्टार्झल यांना दात्याच्या पेशी सापडल्या. यकृतासोबत आलेल्या दात्याच्या प्रतिकारक पेशी नव्या घरभर पांगल्या होत्या आणि यजमानाच्या पेशींसोबत नांदत होत्या.

याची मुळे गोठ्यात आहेत. अमेरिकी संशोधक रे ओवेन यांनी १९४५ मध्ये दाखवले होते, की गर्भात रक्ताभिसरण सामायिक असलेल्या जुळ्या वासरांच्या अंगात एकमेकांच्या रक्तपेशी आयुष्यभर राहतात आणि त्यांना कुणी परके मानत नाही. पुढे ब्रिटनमधील पीटर मेडावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा जुळ्या वासरांची त्वचा एकमेकांवर लावून पाहिली, ती टिकली. मग १९५३ मध्ये त्यांनी उंदराच्या गर्भात दुसऱ्या जातकुळीच्या उंदराच्या पेशी टोचल्या. ते पिल्लू मोठे झाल्यावर त्या जातकुळीची त्वचा त्याने स्वीकारली. परक्याला आपले मानायला शरीराला शिकवता येते, याचा हा पहिला प्रयोगसिद्ध पुरावा. त्यासाठी १९६० चे नोबेल मेडावर यांना, फ्रँक बर्नेट यांच्यासोबत मिळाले.

मात्र स्टार्झल यांच्या ठणठणीत रुग्णांची गोष्ट सांगताना दुसरी बाजू झाकून चालणार नाही. परस्पर गोळ्या सोडणाऱ्या अनेकांनी यकृत गमावले आणि काहींनी जीव. किशोरवयीन मुलांत हे आजही घडते. लहानपणी आईवडील वेळेवर गोळी देतात. मुलगा वसतिगृहात गेला की गजर वाजतो आणि बंद केला जातो.

ठरवून, जपून

नशिबावर न सोडता ठरवून औषध कमी करण्याचे प्रयोग नंतर झाले. अमेरिकेत २० मुलांवर झालेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. या सर्वांना आई किंवा वडिलांच्या यकृताचा भाग मिळाला होता आणि शस्त्रक्रियेला बरीच वर्षे उलटून त्यांची प्रकृती स्थिर होती. औषध किमान ३६ आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी केले गेले. २० पैकी १२ मुले औषधाविना वर्षभराहून अधिक काळ नीट राहिली. या आकड्याने साहजिकच आशा पल्लवित झाल्या. पुढे ८८ मुलांवर अधिक कडक निकषांनी तोच प्रयोग झाला, तेव्हा यश ३३ मुलांत मिळाले, म्हणजे तिघांपैकी एकाला किंवा थोडे अधिक. मोठ्या माणसांवरील युरोपातील एका अभ्यासात ९८ पैकी ४१ जणांना औषध सोडता आले. त्यातली लक्षात ठेवण्याजोगी बाब म्हणजे काळ. प्रत्यारोपणाला दहा-अकरा वर्षे उलटून गेलेल्यांत यश खूपच जास्त होते, सुरुवातीच्या वर्षांत फार कमी. यकृताशी समेट व्हायला शरीराला बहुधा वर्षे लागतात.

हे आकडे निवडक रुग्णांचे आहेत, हे विसरता कामा नये. ज्यांना आधी कधी मोठे रिजेक्शन झाले, ज्यांचा मूळ आजारच स्वप्रतिकारक होता, म्हणजे शरीर आपल्याच यकृतावर उलटले होते, अशांना बहुतेक प्रयोगांत घेतलेच जात नाही. सगळ्या रुग्णांचा विचार केला तर प्रमाण पुष्कळच खाली येते.

आणखी एक अडचण मला या आकड्यांपेक्षा मोठी वाटते. यकृताचे रिजेक्शन नेहमी ओरडून येत नाही. रक्तातली एन्झाइम्स अगदी नीट दिसत असताना यकृतात आतल्या आत तंतू साचत असू शकतात. जपानमध्ये क्योटो येथे औषध बंद केलेल्या मुलांच्या बायोप्सीत असे तंतू दिसले होते. म्हणजे ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ एवढ्यावर विसंबून चालत नाही. सुई घालून यकृताचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो, तोही पुन्हा पुन्हा. रक्ताच्या एका चाचणीवरून ‘या माणसाची गोळी बंद करा, त्याची करू नका’ असे सांगता यावे, यासाठी पुष्कळ प्रयत्न झाले आहेत. विश्वासाने वापरता येईल अशी चाचणी अजून दवाखान्यात आलेली नाही.

शांतता राखणाऱ्या पेशी

इथे गेल्या वर्षीच्या नोबेलचा संबंध येतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल जपानचे शिमोन साकागुची आणि अमेरिकेचे मेरी ब्रुन्को व फ्रेड रॅम्सडेल यांना जाहीर झाले. विषय होता शरीराच्या प्रतिकारक सहिष्णुतेचा.

टी पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होतात आणि शरीराविरुद्ध उलटू शकतील अशा पेशी तिथेच गाळल्या जातात, एवढे आधी माहीत होते. पण ही चाळणी काही पक्की नसते, थोड्या बेभरवशाच्या पेशी सुटतातच. त्यांना बाहेर कोण आवरतो? जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदराची थायमस काढून टाकली, तर त्याचे शरीर स्वतःवरच उलटते, असे जपानी संशोधकांना दिसले होते. साकागुचींनी अशा उंदरांना निरोगी उंदराच्या काही विशिष्ट टी पेशी टोचल्या आणि आजार टळला. म्हणजे टी पेशींच्या फौजेतच एक तुकडी लढण्यासाठी नव्हे, लढाई थांबवण्यासाठी असते. १९९५ मध्ये त्यांनी ही तुकडी कशी ओळखावी ते दाखवले. त्या काळी अशा पेशींवर फारसा कुणाचा विश्वास नव्हता, विषय जवळपास बदनाम झाला होता. २००१ मध्ये ब्रुन्को आणि रॅम्सडेल यांनी, जन्मतः अंगावर खपल्या येऊन लवकर मरणाऱ्या उंदरांच्या एका जातकुळीत बिघडलेला जनुक शोधून काढला. फॉक्सपी३ हे त्याचे नाव. माणसात हाच जनुक बिघडला तर मुलग्यांना जीवघेणा स्वप्रतिकारक आजार होतो. पुढे कळले, की साकागुचींच्या शांततावादी तुकडीला घडवणारा जनुक हाच. या पेशींना आता नियामक टी पेशी म्हणतात, प्रयोगशाळेच्या बोलीत टी-रेग.

औषधाविना यकृत सांभाळणाऱ्या रुग्णांच्या यकृतात या पेशी हजर असल्याचे दिसते. मग त्या बाहेर वाढवून रुग्णाला दिल्या तर?

हा प्रयोग सर्वात धाडसाने केला तो जपानमध्ये साप्पोरो येथील होक्काइदो विद्यापीठात. दहा रुग्ण, सर्वांना जिवंत दात्याचे यकृत. रुग्णाच्या पांढऱ्या पेशी आणि दात्याच्या, किरणोत्साराने निष्क्रिय केलेल्या पेशी दोन आठवडे एकत्र वाढवल्या गेल्या. सोबत अशी प्रतिपिंडे घातली, की रुग्णाच्या पेशींना दात्याची ओळख तर व्हावी, पण हल्ल्याचा दुसरा इशारा मिळू नये. अशा नियामक पेशींनी समृद्ध झालेले मिश्रण शस्त्रक्रियेनंतर तेराव्या दिवशी रुग्णाला दिले. सहा महिन्यांनी औषध कमी करायला सुरुवात झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार दहापैकी सात जणांना सर्व औषधे सोडता आली. उरलेल्या तिघांना औषध कमी करताना सौम्य रिजेक्शन झाले. या तिघांचाही मूळ आजार स्वप्रतिकारक होता.

दहापैकी सात हा आकडा वाचून कुणालाही हुरूप येईल. पण त्या रुग्णांची प्लीहाही काढली होती आणि त्यांना सायक्लोफॉस्फमाइड हे पेशीनाशक औषधही दिले होते. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यामुळे यशातला पेशींचा वाटा किती आणि या इतर गोष्टींचा किती, हे सांगता येत नाही.

लंडनच्या किंग्ज कॉलेजने अधिक सावध वाट धरली. नऊ रुग्णांना त्यांच्याच रक्तातून वेगळ्या करून वाढवलेल्या नियामक पेशी दिल्या. उद्देश फक्त सुरक्षितता पाहण्याचा होता आणि उपचार सुरक्षित ठरला. रक्तात या पेशींची संख्या वाढली, पण ती काही काळच. जास्त मात्रा मिळालेल्यांत दात्याविरुद्धची खुन्नस थोडी कमी झाल्याचे प्रयोगशाळेत दिसले. औषध सोडण्यापर्यंत मजल गेली नाही.

याच लंडनकरांचा दुसरा प्रयोग मला जास्त बोलका वाटतो, कारण तो फसला. पेशी बाहेर वाढवण्याऐवजी इंटरल्यूकिन-२ या द्रव्याची अगदी छोटी मात्रा टोचून शरीरातच नियामक पेशी वाढवायच्या, अशी कल्पना होती. पेशी वाढल्या, चांगल्या वाढल्या. मात्र औषध कमी करताच रिजेक्शन होऊ लागले आणि प्रयोग थांबवावा लागला. बाजारात गस्तीला शंभर पोलीस पाठवले, पण भांडण कुठे चालले आहे तेच त्यांना माहीत नसेल, तर उपयोग काय? नुसती संख्या पुरत नाही. त्या पेशींनी नेमके दात्याचे यकृत ओळखायला हवे. म्हणून आता नियामक पेशींवर कृत्रिम ओळखयंत्र बसवण्याचे काम चालू आहे. दात्याच्या ऊतींवर ‘ए२’ नावाची खूण आहे आणि रुग्णाच्या ऊतींवर नाही, अशा जोड्या निवडायच्या. रुग्णाच्या नियामक पेशींत जनुकीय बदल करून त्यांना ‘ए२’ ओळखायला लावायचे. त्या सरळ यकृताकडे जाऊन तिथेच शांतता राखतील, अशी अपेक्षा आहे. रक्ताच्या कर्करोगात वापरल्या जाणाऱ्या कार-टी उपचाराचे हे चुलत भावंड. तिथे पेशी मारायला पाठवतात, इथे मारामारी थांबवायला.

पिट्सबर्गमध्ये वाट वेगळी आहे. तिथे पेशी दात्याकडून घेतात. दात्याच्या रक्तातून मवाळ केलेल्या डेंड्रिटिक पेशी तयार करून त्या शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधी रुग्णाला देतात. डेंड्रिटिक पेशी म्हणजे टी पेशींना परक्याची ओळख करून देणाऱ्या मध्यस्थ. ओळख सौम्य झाली तर पुढचे वैर टळेल, असा विचार. अशा पेशी मिळालेल्यांपैकी आठ जणांची औषधे लवकर कमी करून पाहिली, त्यांतले तीन जण तीन वर्षांहून अधिक काळ औषधाविना आहेत. बेल्जियममध्ये लीएज येथे तिऱ्हाईत दात्याच्या मेझेंकायमल मूळपेशी देऊन पाहिल्या. त्या सुरक्षित ठरल्या, पण सहिष्णुता काही आली नाही.

या सगळ्यात एक विचित्र पेच आहे. टॅक्रोलिमस लढाऊ टी पेशींना दाबते, तशी नियामक पेशींनाही उपाशी ठेवते, कारण दोघींना लागणारे इंटरल्यूकिन-२ च ते कमी करते. यकृत वाचवणारे औषधच शांततेच्या तुकडीला वाढू देत नाही. त्यामुळे पेशींचा उपचार करताना ते कमी करून सिरोलिमसच्या जातीचे औषध वापरण्याकडे संशोधकांचा कल असतो.

आपल्याकडे

भारतात यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८ मध्ये झाले. आता देशात वर्षाला चार हजारांहून अधिक होतात. त्यातली बहुतांश जिवंत दात्यांकडून. पाश्चात्त्य देशांत याच्या उलट, तिथे बहुतेक यकृते मेंदूमृत व्यक्तींची असतात. हा फरक इथे महत्त्वाचा आहे. मेंदूमृत दात्याचे यकृत मध्यरात्री मिळते आणि पहाटेपर्यंत बसवावे लागते. अशा दात्याच्या पेशी घेऊन आठवडाभर आधी काही तयारी करणे शक्यच नाही. जिवंत दाता मात्र दोन-तीन आठवडे आधी ठरलेला असतो. साप्पोरो आणि पिट्सबर्ग या दोन्ही ठिकाणचे उपचार जिवंत दात्यावरच बेतलेले आहेत. या अर्थाने मुंबई, पुणे, दिल्ली, चेन्नईची रुग्णालये अशा संशोधनाला जगात सर्वाधिक सोयीची म्हणायला हवीत. मूत्रपिंडाबाबत अहमदाबादला डॉ. एच. एल. त्रिवेदी यांनी दात्याच्या मूळपेशी देऊन औषध कमी करण्याचे प्रयोग वर्षानुवर्षे केलेही होते.

पण सोय आहे तशी जोखीमही आहे आणि ती आपल्याकडे जास्त आहे. औषध कमी करण्याच्या प्रयोगात एखाद्याचे यकृत गेले, तर युरोपात त्याचे नाव पुन्हा प्रतीक्षा यादीत लागते आणि यकृत मिळण्याची बरी शक्यता असते. आपल्याकडे मेंदूमृत दात्यांचे प्रमाण दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला एकही नाही. इथे यकृत गेले म्हणजे बायकोने, आईने किंवा बहिणीने पोट कापून दिलेला तुकडा गेला. आणि हो, आपल्याकडे जिवंत दात्यांत बायकाच अधिक असतात. आता पुढचा दाता घरातून कुठून आणायचा? म्हणून परदेशातला वीस-तीस टक्क्यांचा जुगार इथे तसाच्या तसा उचलणे मला तरी पटत नाही. आपल्या प्रयोगांत सुरुवात पूर्ण बंद करण्यापासून न होता मात्रा कमी करण्यापासून व्हावी आणि दात्यालाही त्याची कल्पना असावी.

दुसरी जोखीम जाहिरातींची. ‘स्टेम सेलने यकृत बरे’ अशा पाट्या शहरोशहरी दिसतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमावलीनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतील अस्थिमज्जा प्रत्यारोपण सोडले, तर मूळपेशींचा इतर कोणताही उपचार मान्यताप्राप्त नाही. तो फक्त नोंदणीकृत प्रयोगातच करता येतो आणि अशा प्रयोगात उपचारासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. कुणी सिरोसिसवर पेशी टोचण्याचे लाखांतले बिल पुढे करत असेल, तर तो वर वर्णन केलेल्या संशोधनातला भाग नव्हे.

तिसरी गोष्ट साधी, घरातली. कोविडनंतर प्रतिकारशक्ती वाढवण्याचे वेड आपल्या अंगवळणी पडले आहे. गुळवेलीचा काढा घराघरांत गेला. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती, त्यावर वादही झाला. तो वाद बाजूला ठेवला तरी प्रत्यारोपण झालेल्या माणसाला प्रतिकारशक्ती वाढवायची नसते, आवरायची असते. तेव्हा शेजारच्या मावशींनी कितीही मायेने काढा दिला, तरी तो नम्रपणे परत करावा. पपनस आणि ग्रेपफ्रूटही टाळावे, त्यांनी टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढते.

हे वाचून ‘माझी गोळी कमी होईल का’ असे ज्यांच्या मनात आले असेल, त्यांनी तो प्रश्न पुढच्या तपासणीला जरूर विचारावा. विचारण्यात काही गैर नाही, उलट शस्त्रक्रियेला बरीच वर्षे झाली असतील आणि क्रिएटिनिन हळूहळू वाढत असेल, तर तो विचारायलाच हवा. डॉक्टर बहुधा तीन गोष्टी पाहतील. मूळ आजार कोणता होता, आधी रिजेक्शन कधी झाले होते आणि बायोप्सीत यकृत कसे दिसते. त्यानंतर मात्रा थोडी खाली आणली, तर सुरुवातीला दर एक-दोन आठवड्यांनी रक्त तपासावे लागेल. मधल्या काळात डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, ताप आला किंवा एन्झाइम्स वाढली, तर त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला फोन करायचा आणि ते सांगतील ती मात्रा लगेच सुरू करायची. वेळेत सापडलेले रिजेक्शन बहुतेक वेळा औषध वाढवून आटोक्यात येते.